उत्तरेकडच्या जंगलात मुळं कुजतात कशी?

स्वीडन, फिनलंड, रशिया आणि कॅनडातल्या स्प्रूस-पाइनच्या जंगलांत वरून पडणारा पाचोळा सगळ्यांना दिसतो. जमिनीखाली झाडांची दोन मिलिमीटरहून बारीक मुळंही सतत मरत असतात आणि नवी फुटत असतात. मेलेली मुळं जागच्या जागीच कुजतात, पण फार सावकाश. थंडी, आम्लधर्मी माती आणि गांडुळांचा तुटवडा ही नेहमीची कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

मूळ मेलं की त्यातली साखर आधी पाण्यात विरघळून निघून जाते किंवा जीवाणू ती फस्त करतात. मग सेल्युलोजची पाळी येते. लिग्निन आणि सालीतलं मेणचट सुबेरिन चिवटपणे टिकून राहतं. लिग्निन फोडणं मुख्यतः बुरशीलाच जमतं, तेही सगळ्या बुरशींना नाही. जाड मुळांवर तपकिरी कूज करणारी बुरशी बसली, तर ती सेल्युलोज काढून घेते आणि लिग्निन जवळपास तसंच सोडते. मागे उरलेलं तपकिरी लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकतं आणि चिमटीत धरलं की त्याचा भुगा होतो.

बारीक मुळं लवकर कुजत असतील, असं कोणालाही वाटेल. पण अनेक प्रयोगांत सर्वांत टोकाची, सर्वांत बारीक मुळंच जास्त रेंगाळलेली आढळली. या टोकांवर मायकोरायझा, म्हणजे जिवंत मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचं वेष्टन असतं. सेनोकॉकम नावाच्या बुरशीचे राठ, काळे धागे तर मेलॅनिनमुळे लवकर विघटितच होत नाहीत. मुळं किती वेगाने कुजतात हे मोजायची रूढ पद्धत म्हणजे मुळं धुऊन, वाळवून, नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून पुरायची आणि काही काळाने काढून तोलायची. पद्धत सोपी आहे. मात्र धुतलेलं, वाळवलेलं मूळ जागेवर मेलेल्या मुळासारखं वागेलच, असं नाही.

उत्तर स्वीडनमधल्या हॉर्नावान आणि उद्यौरे या सरोवरांतल्या बेटांनी या विषयाला वेगळं वळण दिलं. मोठ्या बेटांवर वीज पडून वरचेवर वणवे लागतात. लहान बेटं हजारो वर्षं न जळता राहतात आणि तिथे ह्यूमसचे जाड थर साचतात. करिना क्लेमेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिलं, की या मातीत साठलेल्या कार्बनपैकी 50 ते 70 टक्के कार्बन मुळं आणि त्यांच्याशी जोडलेल्या सूक्ष्मजीवांकडून आला आहे. म्हणजे थर वाढतो तो नुसता वरच्या पाचोळ्याने नव्हे, तर बराचसा खालून.

सगळीच मायकोरायझा बुरशी कार्बनचा साठा वाढवते, असंही नाही. कॉर्टिनॅरियस गटातल्या काही बुरशी नायट्रोजन मिळवण्यासाठी पेरॉक्सिडेज एन्झाइम सोडून जुना ह्यूमस फोडतात. त्यासाठी लागणारी साखर त्यांना जिवंत झाडाच्या मुळांकडूनच मिळते.