साथीदाराची मैफल

ठुमरीत तबलजीची म्हणून एक हक्काची जागा असते. गायिका दीपचंदीच्या संथ लयीत बोल बनवत असते, तोवर तबला मुकाट ठेका धरून बसतो. शेवटाकडे कहरवा सुरू होतो, गायिका मुखडाच घोळवत राहते आणि तबलजी लग्गी, म्हणजे जलद बोलांची लड, लावतो. तेवढ्या काही आवर्तनांपुरता साथीदार मैफलीचा मालक. मग तिहाई, सम, आणि पुन्हा मूळ ठेका.

तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा १९८८चा पहिला अल्बम ‘उस्फ्रेट’ ऐकताना मला ही लग्गीच आठवत राहते. त्याचं कारण त्यांच्या घरातच आहे. १९५१ साली मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक यांच्या आई म्हणजे बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू, माहेरच्या भानुमती शिरोडकर. शोभाताईंच्या आई मेनकाबाई या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. अशा घरात तबला लहानपणीच हाती आला, यात नवल नाही.

नवल पुढे आहे. पाश्चात्त्य संगीत त्रिलोक ऐकूनऐकूनच शिकले, आणि स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात याची त्यांना तेव्हा कल्पनाच नव्हती. जे ऐकू येतं ते एकाच माणसाने एका दमात वाजवलंय, असं धरून ते सगळं वाजवायला बसले! अज्ञानाचा इतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल. सत्तरच्या दशकात चार्ली मारियानो आणि डॉन चेरी या जाझवादकांबरोबर वाजवताना ड्रमसेट आला, पण त्याचं स्टूल काही आलं नाही. ते जमिनीवरच अर्धवट गुडघ्यावर बसतात. भोवती तबला, ड्रम, झांजा आणि पाण्याची एक बादली. घणघणती झांज किंवा शिंपल्यांची माळ त्या पाण्यात बुडवली की सूर वाकतो, थरथरतो. ड्रमला मींड नसते. ती त्यांनी अशी मिळवली.

‘ऑरेगॉन’ या अमेरिकी चौकडीतला तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याची जागा पुढे त्रिलोक यांनी घेतली. या चौकडीतला गिटारवादक राल्फ टाउनर ‘उस्फ्रेट’मध्ये आहे. शिवाय कर्णा फुंकायला डॉन चेरी, व्हायोलिनवर एल. शंकर, बासवर योनास हेलबोर्ग, पियानोवर दानिएल गोयोन. आणि गायला शोभाताई, वयाच्या साठीनंतर.

ड्रमरच्या नावाचा अल्बम म्हटलं की जाझ-फ्यूजनच्या रसिकाला बिली कॉबमचा १९७३चा ‘स्पेक्ट्रम’ आठवतो. त्यात पहिल्याच तुकड्यात दोन पायांनी झोडलेला बास ड्रम अंगावर येतो आणि मालक कोण हे सांगून टाकतो. त्या अल्बमची थोरवी मला मान्य आहे. पण ती पैलवानाची थोरवी आहे.

‘उस्फ्रेट’मधला ‘शोभारॉक’ नावाचा तुकडा घ्या. नाव ऐकून धास्ती वाटते, कारण ठुमरीखाली रॉकचे ड्रम सरकवण्याचे आचरट प्रकार आपण पुष्कळ सोसले आहेत. इथे शोभाताई जाझ गायला जात नाहीत. खटका, मुरकी, शब्दावर रेंगाळणं, सगळं आपल्या जागी. जुळवून घेतो तो ताल. गायिका श्वास घेते तिथे भरायचं, ती स्वर लांबवते तिथे हात आवरायचा, हे साथीचं शहाणपण ड्रमच्या काठीत उतरलेलं आहे. हेलबोर्गचा बासही वजनदार असून तिच्या वाटेत येत नाही. सगळीच जागा ताब्यात असताना लग्गी कुठे लावायची हे ज्याला कळतं, त्यालाच मी पुढारी म्हणेन.

अल्बमचे सगळेच तुकडे या तोलाचे नाहीत. कीबोर्डचा नाद ऐंशीच्या दशकाचा शिक्का घेऊन येतो आणि आज थोडा प्लॅस्टिकचा वाटतो. तालाला मात्र तसं वय चिकटलेलं नाही.

त्यानंतर त्रिलोक गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत गेले. ज्या मॅक्लॉफ्लिनच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त एकेकाळी कॉबम वाजवत होता, तोच हा. १९८९च्या लंडनमधल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्रिलोक यांच्या १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’ या अल्बममध्ये कीबोर्डवादक जो झाविनुल आणि गिटारवादक पॅट मथीनी आले, आणि शोभाताई पुन्हा गायल्या. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी नव्वदच्या दशकात त्रिलोक यांना अनेकदा सर्वोत्तम तालवादक ठरवलं. आपल्याकडे मात्र शोभाताईंचा विषय निघाला की ठुमरी, दादरा, कजरी आणि फार तर ‘सामना’ चित्रपटाची आठवण निघते, लेकाच्या ड्रमवर गायलेल्या या गाण्याचं नाव मैफलीतले जाणकारही सहसा घेत नाहीत.