ताडोबाच्या वाटेवरील सामान

मुखेड गावाला रेल्वे नाही. मुदखेड जंक्शन ते वेगळे. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान पाहावयास निघालेल्या कुटुंबाला एस. टी.ने प्रथम नांदेड गाठून तेथे वाहन बदलावे लागते, आणि चंद्रपुरास उतरल्यावर मोहर्ली प्रवेशद्वाराची वाट उरतेच. प्रत्येक चढउतारात एक हात मुलासाठी व एक आजीसाठी मोकळा हवा. १९५५ साली घोषित झालेल्या राज्यातील या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात उघड्या जिप्सीतून हिंडावयाचे असते. तीत सहा पर्यटक बसले की सामानास जागा राहत नाही.

दोन दिवसांसाठी माणशी कपड्यांचे दोन जोड पुरेत. रंग खाकी, हिरवे वा मातकट असावेत. वऱ्हाडाला निघाल्यासारखी ट्रंक आणि वळकटी घरीच बरी. मात्र हिवाळ्यात पहाटेच्या फेरीत वारा अंगाला झोंबतो, तेव्हा जाड स्वेटर व कानटोपी यांत काटकसर नको. ओझे कमी करण्याच्या भरात आजीची औषधे आणि मूळ ओळखपत्रे मागे राहिली, तर मात्र सारी सहल फसते. ओळखपत्राविना प्रवेश मिळत नाही. शिदोरीस दशम्या व शेंगदाण्याची चटणी उत्तम. त्या टिकतात आणि डबाही एकच लागतो. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हे आरक्षणापूर्वीच ध्यानी घ्यावे.