शाळा बंद झाली की हक्कही थांबतो का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली आणि वर्ग मोबाइलवर आले. त्या काळात पालकांच्या ग्रुपवर आणि शिक्षकांच्या बोलण्यात कायद्याविषयी ज्या समजुती रुजल्या, त्या शाळा उघडल्यावरही तशाच राहिल्या आहेत. अतिवृष्टीचा इशारा आला, गावात पुराचे पाणी शिरले किंवा दिल्लीची हवा बिघडली की त्या पुन्हा ऐकू येतात. त्यांचा फटका आधी बसतो तो ज्या घरात तीन मुलांत एक मोबाइल आहे त्या घराला.

सर्वांत पक्की समजूत अशी, की ऑनलाइन शिक्षणाचा काही कायदा झाला आहे आणि त्यानुसार शाळा चालतात. असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. राज्यघटनेचे कलम 21-क सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देते. तो अमलात आणणारा 2009 चा कायदा, म्हणजे आपला आरटीई, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात शाळेची इमारत, शिक्षकांची संख्या, कामकाजाचे दिवस (पाचवीपर्यंत 200, सहावी ते आठवी 220) हे सगळे आहे. ऑनलाइन वर्गाचा उल्लेख नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या त्या 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे. ऑनलाइन वर्ग चालले ते मार्गदर्शक सूचना, परिपत्रके आणि शासन निर्णय यांवर. जीआर बदलता येतो, मूलभूत हक्क परिपत्रकाने कमी करता येत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सापडतात.

एक उदाहरण. शाळा हवा तितका वेळ मुलांना स्क्रीनसमोर बसवू शकते, असे पालकांना वाटत होते. प्रत्यक्षात केंद्राने जुलै 2020 मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मर्यादा सुचवल्या आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने जीआर काढला: तिसरी ते आठवीसाठी दिवसाला 45 मिनिटांची दोन सत्रे, नववी ते बारावीसाठी चार. अनेक घरांत मुले याहून कितीतरी जास्त वेळ बसली, कारण जीआर कुणी वाचलाच नव्हता.

आता मोबाइलचा प्रश्न. ‘फोन घेणे ही पालकांची जबाबदारी, नसेल तर मुलाचे नशीब’ हे वाक्य त्या वर्षी फार सहज बोलले गेले. कायदा असे म्हणत नाही. आरटीईच्या कलम 3 नुसार, ज्या खर्चामुळे मूल प्राथमिक शिक्षण पूर्ण करू शकणार नाही, असा कोणताही खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. मग वर्ग मोबाइलवरच भरत असेल, तर मोबाइल हा तसाच खर्च नव्हे का? 18 सप्टेंबर 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने याचे उत्तर होकारार्थी दिले. खासगी शाळांनी 25 टक्के राखीव जागांवरील मुलांना उपकरण आणि इंटरनेट द्यावे आणि खर्चाची भरपाई सरकारकडून घ्यावी, असा तो आदेश होता. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, हे खरे. पण गोष्ट तिथे संपली असे मानणे चूक आहे. त्याच खटल्यात 8 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीमुळे गरीब मुलांचे शिक्षण तुटल्याची गंभीर दखल घेतली आणि दिल्ली सरकारला यावर योजना आखायला सांगितले. प्रत्येक मुलाला टॅब मिळालाच पाहिजे असा देशभर लागू होणारा निकाल आजही नाही. तरीही फोन नसणे हा मुलाचा दोष नाही. फोन नाही म्हणून मूल गैरहजर, असा शेरा हजेरीपटावर मारणे माझ्या मते अन्यायाचेच आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये ऑनलाइन वर्गांवरील सरकारी बंदीला स्थगिती देतानाच स्पष्ट केले होते, की याचा अर्थ शाळांना असे वर्ग सक्तीचे करण्याचा किंवा त्यासाठी जादा फी घेण्याचा अधिकार मिळाला असा नाही.

ज्या गैरसमजाने सर्वांत जास्त नुकसान केले, तो मात्र पोटाचा आहे: शाळा बंद, म्हणजे खिचडी बंद. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना सुट्टीचे दिवस वगळून रोज मोफत आहाराचा हक्क दिला आहे. 2015 च्या नियमांत तर स्पष्ट लिहिले आहे, की शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने आहार मिळाला नाही, तर धान्य आणि शिजवण्याचा खर्च मिळून अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, त्यानंतर केंद्राने राज्यांना शिजवलेले अन्न किंवा भत्ता देण्यास सांगितले आणि महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्याचे वाटप झाले. धान्याचे प्रमाण ठरलेले आहे: पाचवीपर्यंत दिवसाला 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150 ग्रॅम. महिन्यात शाळेचे 24 दिवस धरले तर तिसरीतल्या मुलीचे 2 किलो 400 ग्रॅम आणि सातवीतल्या भावाचे 3 किलो 600 ग्रॅम होतात. हा हिशेब आईवडिलांना माहीत असायला हवा. ऑनलाइन वर्ग भरवून तो दिवस कामकाजात मोजायचा आणि आहारासाठी मात्र सुट्टी धरायची, हे मला पटत नाही.

फी थकली म्हणून ऑनलाइन वर्गाची लिंक बंद करता येते का? राजस्थानमधल्या शाळांच्या खटल्यात 3 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2020-21 च्या फीमध्ये 15 टक्के कपात सांगितली आणि थकबाकीसाठी मुलांना वर्गापासून किंवा निकालापासून रोखू नये असे बजावले. महाराष्ट्रानेही ऑगस्ट 2021 मध्ये 15 टक्के कपातीचा जीआर काढला. दाखला अडवण्याचेही तसेच. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे आरटीईचे कलम 5.

दिव्यांग मुलांसाठी तर वयाची मर्यादाही वेगळी आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलांना 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

पावसाळी सुट्टीचा निर्णय सहसा जिल्हाधिकारी घेतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात. त्या दिवशी ऑनलाइन तास झालाच पाहिजे असे कायद्यात कुठेही नाही.

मूल शिक्षणापासून तुटत असेल तर वाट पाहू नका. आरटीईच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्ज साध्या कागदावर लिहा, मुलाची इयत्ता आणि शाळा बंद असल्याच्या तारखा घाला आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.