ढकलगाडीची चाके : कोब्यावर व फरशीवर कोणती टिकतात?

गोठ्यापुढील अंगण, दूध संकलन केंद्राचा ओटा, कांदाचाळीसमोरील मोकळी जागा ही ठिकाणे पूर्वी शेणामातीने सारविलेली असत. आता अनेक गावांत त्यांवर काँक्रीटचा कोबा, शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आलेले आहेत. जमीन कठीण झाल्यामुळे डोक्यावरचे ओझे चार लहान चाकांच्या ढकलगाडीवर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. गाडीचा सांगाडा गावातील वेल्डिंगच्या दुकानात मजबूत तयार होतो. चाके मात्र जी स्वस्त व चकचकीत दिसतील ती आणून बसविली जातात, आणि एका पावसाळ्यातच त्यांची परीक्षा होते. चाक फरशीच्या सांध्यात अडले की गाडी जागीच थबकते, भरलेला कॅन कलंडतो व सकाळचे दूध गटारीत जाते. गाडी ढकलण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. त्यांच्या कमरेस बसणारा हिसका कोणाच्याही जमाखर्चात येत नाही.

चाक निवडण्यापूर्वी भाराचा हिशेब करावा. चाळीस लिटरचा दुधाने भरलेला कॅन सुमारे ५० किलो धरावा. असे सहा कॅन म्हणजे ३०० किलो, आणि गाडीचे स्वतःचे वजन ६० किलो धरल्यास एकूण ३६० किलो होतात. या संख्येस चारने नव्हे, तीनने भागावे. कारण उंचसखल जमिनीवर एखादे चाक अधांतरी राहते व सारा भार उरलेल्या तिघांवर पडतो. म्हणजे प्रत्येक चाक निदान १२० किलो भार सोसणारे असावे.

दुसरी गोष्ट व्यासाची, आणि तिच्याकडेच सर्वात अधिक दुर्लक्ष होते. फरशीची एक कड १ सेंटीमीटर वर आलेली आहे व चाकावर १०० किलो भार आहे असे समजू. थांबलेले १०० मिलीमीटर व्यासाचे कठीण चाक त्या कडेवर चढविण्यास सुमारे ७५ किलोचा रेटा लागतो. त्याच ठिकाणी २०० मिलीमीटर व्यासाचे चाक असल्यास सुमारे ४८ किलोचा रेटा पुरतो. यास्तव उघड्यावर वापरावयाच्या गाडीस चार इंची चाक घेऊच नये. सहा इंच ही कमीतकमी मर्यादा मानावी, आठ इंच अधिक बरे.

आता चाक कशाचे असावे हे पाहू. बिडाचे चाक भार पुष्कळ सोसते व उष्णतेस भीत नाही. गुऱ्हाळात चुलवाणाजवळ त्याचा उपयोग आहे. परंतु ते कोब्याच्या कडा फोडते, शहाबादी फरशीस तडे पाडते, गंजते, आणि त्याचा खडखडाट जनावरांस बिचकवितो. गोठ्यात त्याला जागा नाही. भंगारातील बेअरिंग चाक म्हणून वेल्ड करण्याची युक्तीही काही ठिकाणी दिसते. मुलांच्या खेळगाडीस ती शोभते, दुधाच्या गाडीस नव्हे.

नायलॉनचे चाक कठीण असते. सपाट कोब्यावर ते अगदी थोड्या रेट्याने पळते व कुजत नाही. तथापि ते धक्का मुळीच गिळीत नाही, ओल्या फरशीवर घसरते, आणि पाणी शोषून किंचित फुगते. फुगल्यावर साध्या भोकात बसविलेला आस आवळला जातो, म्हणून नायलॉनच्या चाकात बेअरिंग असलेच पाहिजे. त्याच्यासारखेच दिसणारे पॉलीप्रॉपिलीनचे चाक स्वस्त मिळते, परंतु उन्हाने ते पांढुरके पडून तडकते. ते सावलीतील कामापुरतेच घ्यावे.

पॉलियुरेथेन, ज्यास दुकानदार 'पीयू' म्हणतात, ते रबरापेक्षा कमी झिजते व सपाट जमिनीवर हलके चालते. परंतु त्याच्या दोन जाती आहेत आणि त्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पॉलिएस्टर जातीचे पीयू दमट हवेत व पाण्यात हळूहळू विघटित होऊन चिकट होते व शेवटी त्याचा भुगा पडतो. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळ वर्षा-दोन वर्षांनी हातात गळून येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. पॉलिईथर जातीचे पीयू पाण्यास चांगले तोंड देते. रोज धुतल्या जाणाऱ्या ओट्यासाठी हीच जात मागावी व पावतीवर तसे लिहून घ्यावे. आतील गाभा बिडाचा असल्यास गंज पीयूखाली शिरून वरचे आवरण सोलून काढतो. म्हणून गाभा अॅल्युमिनियमचा किंवा नायलॉनचा असावा.

फरशीचे सांधे रुंद असतील, पेव्हर ब्लॉक खचलेले असतील किंवा मधूनमधून मुरूम लागत असेल, तर भरीव रबराच्या मोठ्या चाकास तोड नाही. ते धक्का गिळते, ओल्या जागी पकड देते व आवाज करीत नाही. ढकलण्यास थोडा अधिक जोर लागतो, हे खरे. रबरास ऊन आणि डिझेल-तेल ही दोन्ही मारक आहेत. भरलेली गाडी कित्येक दिवस एकाच जागी उभी ठेवल्यास चाकाचा तळ चपटाही होतो. रिकामी गाडी सावलीत ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे. हवेची चाके याहूनही मऊ चालतात, परंतु बाभळीचे काटे असलेल्या वाटेवर पंक्चर काढण्यातच वेळ जातो.

चाक चांगले असूनही गाडी अडते तेव्हा दोष बहुधा बेअरिंगचा किंवा चाक धरणाऱ्या चिमट्याचा असतो. जस्ताचा पातळ चकचकीत मुलामा गोमूत्रापुढे, खताच्या क्षारांपुढे व कोकणातील खाऱ्या हवेपुढे फार दिवस टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला चिमटा दिसण्यास खडबडीत असला तरी तोच घ्यावा. ऐपत असल्यास स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असावे, अथवा वंगण भरण्यास तोटी असावी.

दोन चाके स्थिर व दोन फिरती ठेवावीत. फिरती चाके मुठीच्या बाजूस बसवावीत, म्हणजे वळविताना गाडी हातात राहते. गोठ्याच्या जमिनीस गटारीकडे उतार असतोच, तेव्हा फिरत्या दोहोंना पायाने दाबावयाचा ब्रेक घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संस्थेसाठी चाकांची मागणी नोंदविताना भार, व्यास, चाकाचा माल, बेअरिंग व चिमट्याचा मुलामा या पाचही बाबी लिहाव्यात. धुलाईनंतर चाकांभोवती गुंडाळलेला चारा व सुतळी काढून टाकावी आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिरत्या चाकांच्या छऱ्यांना वंगण द्यावे.