थंडीत जुन्या इंजिनाला कोणतं ऑईल चांगलं? डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कराड, वाळवा, पलूस भागातल्या जुन्या ट्रॅक्टरना उसंत नसते. पहाटेच्या गारठ्यात स्टार्टर मारला की इंजिन जड फिरतं आणि 'थंडी आहे, पातळ ऑईल टाका' असा सल्ला हमखास मिळतो. पण ऐन हंगामात बेरिंग गेलं, तर इंजिन खोलावं लागतं आणि ऊस फडातच अडकतो. त्यामुळे ऑईल बदलण्याआधी डबा नीट वाचलेला बरा.

२०डब्ल्यू-४० म्हणजे काय?

'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. हा आकडा जितका कमी, तितकं इंजिन थंडीत हलकं फिरतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑईल किती दाट राहतं ते दाखवतो. ४० ग्रेडचं ऑईल ३० पेक्षा दाट असतं.

आपल्याकडची थंडी किती?

एसएई मानकानुसार २०डब्ल्यू ऑईलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते, तर १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. सातारा, सांगलीत कडाक्याच्या थंडीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तरी उणे १५ फार लांब राहिलं. म्हणजेच २०डब्ल्यू-४० इथे हिवाळ्यातही चालतं.

१५डब्ल्यू-४० वापरलं, तर पहाटे इंजिन थोडं सहज फिरतं आणि तापल्यावरचा दाटपणा त्याच ग्रेडचा राहतो. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालत असतील, तर हिवाळ्यासाठी हा चांगला पर्याय आहे.

जुन्या इंजिनात जपायचं काय?

झिजलेल्या इंजिनात बेरिंगमधली फट वाढलेली असते. इंजिन तापून ऑईल पातळ झालं की त्या फटीतून ते लवकर निसटतं आणि प्रेशर उतरतं. सांगलीत हिवाळ्यातही दुपारी पारा तिशीपर्यंत जातो, त्यात भरलेल्या ट्रॉल्यांचा भार. म्हणून ४० सांगितलेल्या इंजिनात केवळ थंडीसाठी ३० ग्रेडचं ऑईल घालणं महागात पडू शकतं. धोका पहाटे नाही, दुपारी असतो.

डब्यावर आणखी काय पाहायचं?

एपीआयच्या पुढची अक्षरं. 'सी'ने सुरू होणारी, उदाहरणार्थ सीएफ-४ किंवा सीआय-४, डिझेल इंजिनासाठी; 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. त्यांच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' असायला हवं, नाहीतर क्लच घसरू शकतो.

ऑईल योग्य असूनही इंजिन सुरू होत नसेल तर?

मग दोष दुसरीकडे शोधावा. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. सैल टर्मिनल, खराब हीटर प्लग, तुंबलेला डिझेल फिल्टर किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन ही कारणंही असतात.

ऑईलची पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी; जास्त भरल्यास फेस होतो. डिझेल इंजिनात ऑईल काळं पडणं नेहमीचंच आहे, त्यामुळे बदलायची वेळ रंगावरून नव्हे, तर मॅन्युअलमधल्या तासांवरून ठरवावी. मात्र ते दुधाळ चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. अशा वेळी इंजिन चालू न करता मेकॅनिकला बोलवावं.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस करू नये. थंड ऑईल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात झीज होते. मिनिटभर संथ चालू ठेवून मग हळूहळू भार द्यावा. त्याला वेगळा खर्चही येत नाही.