११२ फिरवले, पण पुढे काय गेले?

कार्यालयातल्या फोनवरून बाहेर बोलायचे तर आधी ० किंवा ९ दाबावा लागतो, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. हा अंक टेलिफोन कंपनीसाठी नसून कार्यालयातल्याच व्हॉइस राउटरसाठी असतो. तो गाळून राउटर उरलेले अंक पुढे धाडतो.

राउटरपाशी नियमांची यादी असते. प्रत्येक नियमात अंकांचा एक नमुना आणि त्याची वाट दिलेली असते. एका क्रमांकाला दोन नियम लागू पडले, तर ज्यातले जास्त अंक नेमके जुळतात तो निवडला जातो. पिनकोडमधल्या ४ वरून टपालाचा मोठा विभाग कळतो. पण ४११ दिसले की पत्र थेट पुण्याच्या थैलीत पडते, तसेच हे.

आता विद्यार्थ्यांना एक कोडे घालून पाहा. समजा, एका कार्यालयात आतल्या फोनांचा नियम आहे : १ आणि त्यापुढे कोणतेही दोन अंक. मग आणीबाणीचा ११२ फिरवला, तर राउटर त्याला आतलाच फोन समजणार! म्हणून तंत्रज्ञाने नवा नियम लिहिला : नेमके ११२ आल्यास बाहेरची लाइन. निवड आता बरोबर होते, तरी फोन लागत नाही. का?

सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये साध्या टेलिफोन लाइनकडे जाणाऱ्या नियमांत, जे अंक नेमके जुळले ते राउटरसाठीच होते असे मानून गाळले जातात. बाहेरच्या फोनसाठी नियमात फक्त ० लिहिलेले असते, म्हणून तेवढाच गळतो. ११२ मध्ये मात्र तिन्ही अंक जुळतात, तिन्ही गळतात, आणि पाठवायला काहीच उरत नाही. तिन्ही अंक पुढे पाठव, असे नियमात वेगळे सांगावे लागते.

तेव्हा बिघाड शोधताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : कोणता नियम लागू झाला, आणि बाहेर कोणते अंक गेले? पहिल्याचे उत्तर ‘शो डायलप्लॅन नंबर’ ही आज्ञा फोन न लावताच देते. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष कॉल लावून राउटरची नोंद वाचावी लागते. आणि खरी मेख बहुधा तिथेच असते.

कधी राउटरला कोणी हातही लावलेला नसतो. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणे बंधनकारक झाले. ज्या कार्यालयात बाहेर जाण्याचा अंकही ० च, तिथे तो राउटरने गाळल्यावर कंपनीला द्यायचा ० कुठून येणार? एक तर दोनदा ० दाबायचा, नाही तर नियमातच तो जोडायचा.

हा विषय केवळ सोयीचा नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कारी हंट या महिलेवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिथल्या आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर चार वेळा फोन करून पाहिला. तो लागला नाही, कारण त्या खोलीतून बाहेर फोन करण्यासाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागत असे. महिलेचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये ‘कारीज लॉ’ संमत झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या अशा नव्या यंत्रणांवर आधी कोणताही अंक न दाबता ९११ लागलाच पाहिजे, असे बंधन आले.

सवयीने आधी ९ दाबणारे लोकही असतातच. म्हणून ९ दाबून बाहेर जाण्याची पद्धत असलेल्या ठिकाणी दोन नियम लिहिणे बरे : ९११ आले तर तिन्ही अंक जसेच्या तसे पाठवायचे, आणि ९९११ आले तर पहिला ९ गाळून उरलेले तीन.