मूळ कोणते, नक्कल कोणती?

'इंद्रधनुष्याविषयी माहिती लिहून आणा' असे आठवीच्या वर्गाला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांतून काय हाती लागते हे शिक्षकांना सांगायला नको. दहाबारा वह्यांत तीच वाक्ये, त्याच क्रमाने, आणि कधी कधी तीच चूकसुद्धा! ही नक्कल आहे हे शिक्षकाच्या लगेच ध्यानात येते. पण पुढचा प्रश्न अवघड असतो. कोणी कोणाचे उतरवले?

गूगलसारख्या शोधयंत्रांपुढे रोज हेच दोन प्रश्न उभे असतात. फरक इतकाच, की त्यांच्यापुढच्या वह्या चाळीस नसून अब्जावधी आहेत. यांपैकी पहिला प्रश्न गणिताने उत्तम सुटला आहे. दुसरा मात्र अजूनही पूर्ण सुटलेला नाही, आणि ज्याने मूळ मजकूर लिहिला त्याचे लेखन वाचले जाणार की नाही, हे त्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. असे का होते ते या लेखात पाहू या.

शोध कोठे घेतला जातो?

आपण शब्द टाकतो आणि शोधयंत्र त्याच क्षणी सारे महाजाल धुंडाळून येते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. शोधयंत्राचे संगणक एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे सतत फिरत असतात, सापडलेली पाने साठवतात आणि त्यांची सूची तयार करतात. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच ही सूची: अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. आपला शोध या तयार सूचीत चालतो.

आता एकच मजकूर पन्नास ठिकाणी उतरवलेला असेल तर काय होईल? साठवणीची जागा वाया जाईल, हा लहान तोटा. मोठा तोटा वाचकाचा. पहिली दहाही उत्तरे तीच असतील तर त्याला दहा नव्हे, एकच उत्तर मिळाले. म्हणून क्रमवारी लावण्याआधी सारखी पाने ओळखणे भाग असते.

सारखेपणाची कौले

दोन पाने अक्षरशः एक असतील तर काम सोपे. पण नक्कल करणारा चार शब्द बदलतो, शीर्षक नवे देतो, खाली जाहिरात लावतो. तेव्हा 'सारखे आहे की नाही' असे न विचारता 'किती सारखे आहे' असे विचारावे लागते.

अँड्रे ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यासाठी एक सुरेख पद्धत मांडली. त्या वेळी ते 'डिजिटल' या अमेरिकन संगणक कंपनीत होते आणि 'अल्टाव्हिस्टा' हे तेव्हाचे नावाजलेले शोधयंत्र त्याच कंपनीचे होते. (अल्टाव्हिस्टा २०१३ मध्ये बंद झाले.) पद्धत अशी. मजकुराचे लागोपाठच्या ठरावीक शब्दांचे तुकडे पाडायचे. मात्र प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर थोडा चढलेला हवा. छपरावरची कौले अशीच एकमेकांवर चढवलेली असतात, आणि ब्रोडर यांनी या तुकड्यांना दिलेले इंग्रजी नावही छपरावरच्या तशाच फळ्यांचे आहे. आपण त्यांना कौलेच म्हणू.

एक वाक्य घ्या: 'इंद्रधनुष्य दिसायचे असेल तर सूर्य आपल्या पाठीमागे आणि पाऊस समोर हवा.' यात अकरा शब्द आहेत. तीन-तीन शब्दांची कौले पाडली तर 'इंद्रधनुष्य दिसायचे असेल', 'दिसायचे असेल तर', 'असेल तर सूर्य' अशी एकूण नऊ कौले होतात. आता कोणी शेवटच्या 'हवा'च्या जागी 'पाहिजे' लिहिले, तर फक्त शेवटचे कौल बदलते. दोन्ही वाक्यांत मिळून वेगवेगळी कौले दहा, त्यांपैकी सामाईक आठ. सारखेपणा आठ भागिले दहा, म्हणजे ०.८.

'हवा' तसाच ठेवून 'सूर्य'च्या जागी 'भास्कर' घातला तर? मधला शब्द तीन कौलांत येतो, म्हणून तीन कौले बदलतात. एकूण वेगवेगळी बारा, सामाईक सहा, सारखेपणा ०.५. एका शब्दाने एवढा फरक पडला, कारण वाक्य लहान होते. हजार शब्दांच्या लेखात मधला एकच शब्द बदलला, तर हे गुणोत्तर ९९५ भागिले १००१ येते, म्हणजे ०.९९ च्या वर. चार शब्द बदलून नक्कल लपत नाही ती यामुळे.

सामाईक भागिले एकूण, हे माप संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी आल्प्स पर्वतातील निरनिराळ्या भागांत कोणत्या वनस्पती सामाईक आहेत हे याच मापाने मोजले होते. तेथे वनस्पतींच्या जाती होत्या, येथे कौले आहेत.

या मापाची मर्यादाही लक्षात ठेवू या. 'पाऊस पुढे आणि सूर्य मागे असला की आकाशात रंगांची कमान उमटते' या वाक्याचा अर्थ जवळजवळ तोच आहे, पण सामाईक कौल एकही नाही. कौले शब्द मोजतात, अर्थ मोजत नाहीत. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर कोणी स्वतःच्या नावावर खपवले तर कौलांच्या मापाला ते मुळीच सापडणार नाही.

चिठ्ठी काढून तुलना

आता अडचण संख्येची. ब्रोडर यांच्यापुढे तीन कोटी पाने होती. प्रत्येक पानाची इतर प्रत्येक पानाशी तुलना करायची तर सुमारे साडेचार लाख अब्ज जोड्या होतात. सेकंदाला दहा लाख जोड्या तपासल्या तरी चौदा वर्षे लागतील! त्यांनी काढलेली युक्ती वर्गात करून पाहण्याजोगी आहे.

'सूर्य' आणि 'भास्कर' या वाक्यांची बारा वेगवेगळी कौले बारा चिठ्ठ्यांवर लिहा. सामाईक सहा चिठ्ठ्यांवर फुली करा. चिठ्ठ्या डब्यात टाकून एक काढा, फुली आहे का ते पाहा आणि चिठ्ठी परत टाका. असे पन्नास वेळा केले तर साधारण पंचवीस वेळा फुली येईल. फुली येण्याची संभाव्यता सामाईक भागिले एकूण, म्हणजे नेमका आपला सारखेपणा!

संगणक चिठ्ठी काढतो तो अशी. एका ठरावीक नियमाने प्रत्येक कौलाला एक वेडावाकडा आकडा द्यायचा. तेच कौल कोणत्याही पानावर आले तरी त्याला तोच आकडा मिळतो. मग प्रत्येक पानाचा फक्त सर्वांत लहान आकडा जपून ठेवायचा. दोन पानांचे लहानांत लहान आकडे एकच निघाले, तर 'सामाईक चिठ्ठी निघाली' असे समजायचे. असे शंभर नियम वापरले, की प्रत्येक पानासाठी शंभर आकडे पुरतात. हजारो शब्दांच्या पानाऐवजी त्याचा हा छोटा ठसा तपासायचा, आणि ज्या पानांचे आकडे जुळतात तेवढीच एकत्र आणायची. मग सगळ्या जोड्या तपासाव्याच लागत नाहीत.

दहा शब्दांची कौले घेऊन केलेल्या त्या पाहणीत तीन कोटींपैकी सुमारे एक कोटी तेवीस लाख पाने कोणत्या ना कोणत्या सारख्या पानांच्या गटात पडली. महाजालाच्या बाल्यावस्थेतली ही स्थिती! पुढे २००२ मध्ये मोझेस चारिकर यांनी आणखी आटोपशीर ठसा सुचवला. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवले, की आठ अब्ज पानांसाठी शून्य आणि एक यांचा चौसष्ट स्थानांचा ठसा पुरतो; दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी स्थानांवर फरक असेल तर ती पाने जवळजवळ एकच मानावीत.

क्रमवारीत काय होते?

एकाच मजकुराची पाने सापडली, की शोधयंत्र त्यांचा गट करते आणि गटातून एक प्रतिनिधी निवडते. यादीत सहसा तो प्रतिनिधी दिसतो, बाकीची मागे राहतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. नक्कल सापडली म्हणजे पानाला शिक्षा होते, असे नाही. बरीचशी पुनरावृत्ती निरुपद्रवी असते. वृत्तसंस्थेची एकच बातमी अनेक दैनिकांत येते. एकाच लेखाचे छपाईसाठी वेगळे पान असते. फसवणुकीचा हेतू नसेल तर अशा पुनरावृत्तीला दंड नाही, असे गूगलने जाहीरपणे सांगितले आहे. शिक्षा नसली तरी मागे राहणे आहेच, आणि मागे राहिलेले पान वाचकाच्या दृष्टीने जवळपास नाहीसेच होते.

प्रतिनिधी निवडताना दुव्यांना महत्त्व येते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका पानावरून दुसऱ्याकडे जाणारा दुवा हे एक प्रकारचे मत असते, आणि वजनदार पानाच्या मताला अधिक किंमत असते. एकाच लेखाच्या पाच प्रती असल्या तर मते पाच ठिकाणी विभागतात. यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण मान्य केली. 'या मजकुराचे अधिकृत पान अमुक आहे' असे त्या खुणेने सांगता येते. मात्र ती लावायची पान तयार करणाऱ्याने. प्रामाणिक माणूस ती लावतो, चोर कशाला लावील?

उचलेगिरीवर पोट भरणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध गूगलने २०११ मध्ये कडक धोरण घेतले. त्या वर्षीच्या 'पांडा' नावाच्या बदलानंतर निकस आणि उसन्या मजकुराने भरलेली संकेतस्थळे खाली ढकलली गेली. ऑगस्ट २०१२ पासून स्वामित्वहक्कभंगाच्या ग्राह्य तक्रारींची संख्याही क्रमवारीत विचारात घेतली जाऊ लागली. मार्च २०२४ मध्ये, केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर मनुष्याने लिहिलेला असो वा यंत्राने, तो नियमबाह्य ठरवण्यात आला.

दिशा कशी कळणार?

एवढे असूनही नक्कल कधी कधी मूळ मजकुराच्या वर दिसते. याचे कारण मापातच दडलेले आहे. 'अ'चे 'ब'शी जेवढे साम्य, तेवढेच 'ब'चे 'अ'शी. सामाईक भागिले एकूण हे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी एकच येते. त्यातून साम्य कळते, दिशा कळत नाही.

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना दिशा कशी कळत असे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. अशा कामात लेखनिकांच्या चुका मोलाच्या ठरतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्यांचे नाते जवळचे. एका पोथीत ओळ गळली असेल आणि दुसरीत ती असेल, तर दुसरी पहिलीवरून उतरवलेली नसावी. हाताने उतरवताना चुका होत, आणि चुका दिशा सांगत. संगणकावर मजकूर उचलून चिकटवताना चूक होत नाही. नक्कल जितकी बिनचूक, तितका तिच्या अंगावर पुरावा कमी.

मग बाहेरचा पुरावा उरतो. कोणते पान आधी दिसले, ही तारीख शोधयंत्राकडे असते. पण ती पान दिसल्याची तारीख, लिहिल्याची नव्हे. समजा, कोकणातल्या एखाद्या शिक्षिकेने भरती-ओहोटीच्या वर्षभराच्या नोंदी घेऊन लेख लिहिला आणि स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावर ठेवला. अशा स्थळाकडे शोधयंत्र क्वचित फिरकते. दरम्यान रोज शेकडो पाने छापणाऱ्या मोठ्या स्थळाने तो उचलला. तेथे शोधयंत्राची फेरी सारखी चालू असते आणि दुवेही भरपूर असतात. अशा वेळी नक्कल आधी दिसते, वजनही तिलाच जास्त मिळते, आणि गटाचे प्रतिनिधित्व तिच्याकडे जाण्याचा धोका खरा आहे. कष्ट शिक्षिकेचे, वाचक दुसऱ्याचे.

आपल्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट, उसने घेतलेल्या मजकुराखाली लेखकाचे नाव द्यावे आणि पान महाजालावर असेल तर मूळ पानाचा दुवाही द्यावा. हा केवळ शिष्टाचार नाही. साम्याच्या मापात नसलेली दिशा त्यातून पुरवली जाते. दुसरी, स्वतःचे लेखन प्रसिद्ध करताना तारीख घालावी आणि मूळ नोंदवह्या जपाव्यात. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखनाचा स्वामित्वहक्क लिहिताक्षणी लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर पुरावा लागतो. आपल्या लेखातील एखादे वेगळे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधले, तर ते इतरत्र उतरवले गेले आहे का याचा अंदाज येतो.

तिसरी गोष्ट वर्गातली. 'दहा संकेतस्थळांवर हेच दिले आहे' असे विद्यार्थी सांगतो, तेव्हा त्या दहांची कौले तपासायला सांगावीत. वाक्ये तीच असतील तर ते दहा साक्षीदार नाहीत. एकाच साक्षीदाराचे म्हणणे दहांनी उतरवून घेतले आहे. तो एक कोण, आणि त्याला हे कशावरून कळले, हे शोधून आणणे हा गृहपाठ द्यायला हरकत नाही.